सदोष नायक आणि वर्गातील वाचन : चेन्नईच्या संदर्भात एक तौलनिक विचार

शालेय स्तरावरील इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात एक प्रश्न हमखास विचारला जातो : नायकाच्या ऱ्हासाला त्याच्या स्वभावातील कोणता दोष कारणीभूत ठरला? या प्रश्नाची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर, हॅम्लेटची दिरंगाई, लिअरचा अहंकार. विद्यार्थी एक अवगुण हेरतो, संहितेतून त्याला तीन-चार आधार देतो आणि नायकाचा शेवट त्या अवगुणाचे फळ म्हणून मांडतो. उत्तर नीटनेटके होते; मात्र त्यामागे तीन गृहीतके दडलेली असतात. दोष हा व्यक्तीच्या ठायी असतो, तो एकच असतो आणि त्याचा निवाडा करणारा वाचक स्वतः त्या व्यवहाराच्या बाहेर असतो, ही ती गृहीतके होत. ती भारतीय भाषांतील सदोष नायक-नायिकांना कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचारासाठी चेन्नई हे शहर केंद्रस्थानी घेण्यामागे निश्चित कारण आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली आणि शेक्सपिअरचे नायक मराठी व तमिळ विद्यार्थ्यांसमोर जवळपास एकाच काळात, परीक्षेचा विषय म्हणून उभे राहिले. सदोष नायकाच्या नैतिक वाचनाची एक ठळक परंपरा मद्रासच्या वर्गात घडली. त्याच प्रदेशाच्या भाषेत ‘शिलप्पदिकारम्’सारखे प्राचीन महाकाव्य आहे आणि त्याच शहराच्या पार्श्वभूमीवर जयकांतन यांची विसाव्या शतकातील वादग्रस्त कादंबरी घडते. या तिन्हींच्या शेजारी मराठी संहिता ठेवल्या असता दोषाची संकल्पनाच नव्याने तपासावी लागते.

१. प्रमाद, दोष आणि विकार

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात शोकात्म नायकाविषयी जी ‘हमार्तिया’ ही संज्ञा वापरली, तिचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. अज्ञानामुळे वा गैरसमजातून घडलेली चूक, म्हणजेच प्रमाद, हा अर्थ तिच्या अधिक जवळचा आहे, असे मत आधुनिक अभ्यासकांत प्रबळ आहे. इंग्रजी अध्यापनाच्या परंपरेत मात्र ती संज्ञा हळूहळू स्वभावदोष या अर्थाने रूढ झाली. ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ सालच्या शेक्सपिअरविषयक व्याख्यानग्रंथाने कृती स्वभावातून उगवते आणि विनाश कृतीतून, ही साखळी प्रतिष्ठित केली. ब्रॅडली यांचे विवेचन सूक्ष्म आहे. नायकाचे मोठेपण आणि त्याचा घात करणारा गुण ही एकाच स्वभावाची दोन अंगे आहेत, हे ते विसरत नाहीत. परीक्षेच्या उत्तरात या सूक्ष्मतेला जागा राहिली नाही. ‘घडलेली चूक’ जाऊन तिथे ‘असलेला अवगुण’ आला.

संस्कृत काव्यशास्त्राने नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे प्रकार केले. त्या वर्गीकरणाचा आधार नायकाचे गुण आणि प्रकृती हा आहे. पतनाला कारण होणारा दोष हा नव्हे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने तेथे दुर्वासाचा शाप आणला आणि नाकारण्याचे उत्तरदायित्व नायकाकडून विस्मृतीकडे वळवले. ज्या परंपरेत नायकाचा दोष असा हलवावा लागतो, तिच्या वारसदारांनी शेक्सपिअर वाचताना कोणता शब्द योजला, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतराचे नाव ‘विकारविलसित’ असे आहे. विकार हा स्वभावाचा कायमचा डाग नसतो; तो उठतो, बळावतो, माणसाला व्यापतो आणि शमूही शकतो. दोषाऐवजी विकार हा शब्द घेतला की नायकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्याच्या ठायी काय आहे, यापेक्षा त्याच्यात काय घडते आहे, या प्रश्नाला महत्त्व येते. मराठी समीक्षेने ही शक्यता पुढे फारशी विकसित केली नाही.

२. मद्रासचा वर्ग

विल्यम मिलर (१८३८–१९२३) हे स्कॉटिश मिशनरी १८६२ साली मद्रासला आले आणि पुढे अनेक वर्षे मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे प्राचार्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शेक्सपिअरच्या चार शोकात्मिकांवर विवेचने लिहिली आणि ती १९०५ साली ‘शेक्सपिअर्स चार्ट ऑफ लाइफ’ या नावाने एकत्रित झाली. या विवेचनांची शीर्षकेच बोलकी आहेत. ‘मॅक्बेथ’च्या संदर्भात आत्म्यांचा विनाश, ‘हॅम्लेट’च्या संदर्भात आयुष्याची नासाडी, ‘ऑथेल्लो’च्या संदर्भात चारित्र्याची कोसळण आणि ‘किंग लिअर’च्या संदर्भात थेट भारतीय राजकारण. नाटक हा जीवनाचा नकाशा आहे, त्यात धोक्याच्या जागा दाखवलेल्या आहेत आणि विद्यार्थ्याने त्या ओळखून आपले तारू हाकावे, अशी ही भूमिका आहे.

या भूमिकेला केवळ वसाहतवादी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. साहित्याचा जगण्याशी संबंध आहे आणि तरुण वाचकाला त्याचा उपयोग झाला पाहिजे, ही मिलर यांची निष्ठा आजच्या परीक्षाकेंद्री अध्यापनात दुर्मीळ झाली आहे. अडचण वेगळी आहे. नकाशा वाचणारा नकाशाच्या बाहेर असतो. नायक खडकावर आपटला हे त्याला दिसते. तो खडक तेथे कोणी ठेवला, हे विचारण्याची गरज त्याला भासत नाही. राज्यकर्त्यांच्या भाषेतील नाटक शासित विद्यार्थ्यांना शिकवले जात असताना तर हा प्रश्न अधिकच अडचणीचा होता. सत्ता, न्याय आणि शिक्षा यांचा विचार नायकाच्या चारित्र्यात विरघळून गेला की वर्गात शांतता राहते. शालेय वाचनात पुढे उरले ते या नैतिक वाचनाचे कलेवर. त्यातील निष्ठा ओसरली आणि अवगुण हेरण्याची रीत तेवढी राहिली.

३. कोवलन आणि पांड्य राजा

‘शिलप्पदिकारम्’ हे इळंगो अडिगळ यांच्या नावावर असलेले तमिळ महाकाव्य उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी संपादित करून १८९२ साली प्रकाशित केले. मिलर यांच्या विवेचनांच्या आधी काही वर्षे ही संहिता मुद्रित रूपात उपलब्ध झाली होती, आणि सदोष नायकाचा विचार करण्यासाठी तिच्याइतकी समर्थ संहिता शोधून सापडणे कठीण.

पुहारचा श्रेष्ठिपुत्र कोवलन पत्नी कण्णगीला सोडून नर्तकी माधवीकडे राहतो, पूर्वजांची संपत्ती उधळतो, एका गीतावरून गैरसमज करून घेऊन माधवीलाही सोडतो आणि रिक्त हातांनी घरी परततो. कण्णगी त्याला आपले पैंजण देऊ करते. नव्याने व्यापार उभारावा म्हणून दोघे मदुराईला जातात. तेथे राणीचे पैंजण चोरणारा सोनार कोवलनवरच चोरीचा आळ घालतो. रुसलेल्या राणीची समजूत घालायला निघालेला पांड्य राजा चौकशी न करता घाईने आज्ञा देतो आणि कोवलनचा वध होतो. कण्णगी दरबारात येऊन पैंजण फोडते. राणीच्या पैंजणात मोती असतात. यातून माणके बाहेर पडतात. आपला अपराध उमगताच राजा प्राण सोडतो, आणि कण्णगीच्या क्रोधाने मदुराई जळते.

‘नायकाचा दोष कोणता’ हा शालेय प्रश्न येथे विचारला, तर उत्तर तत्काळ मिळते : चंचलता, विलासीपणा, उधळेपणा. पण हे उत्तर कथानकाला लागू होत नाही. कोवलन ज्या आरोपाखाली मरतो, त्या बाबतीत तो पूर्णतः निर्दोष आहे. शिवाय तो मरतो ते पश्चात्तापानंतर, नव्याने जगू पाहत असताना. जो दोष त्याच्यात आहे त्याची ही शिक्षा नव्हे, आणि ज्याची ही शिक्षा आहे तो दोष त्याच्यात नाही. ॲरिस्टॉटलच्या मूळ अर्थाने ‘हमार्तिया’ घडते ती राजाच्या हातून. क्षणिक घाई, अपुरी माहिती, अपरिवर्तनीय कृती आणि त्यानंतरचा साक्षात्कार या चारही गोष्टी त्याच्या वाट्याला येतात. म्हणजे स्वभावदोष एका पात्राकडे आणि प्रमाद दुसऱ्याकडे, अशी विभागणी या काव्यात झालेली आहे. त्यात तिसरा पदर पूर्वकर्माचा आहे. मदुराईची देवता कण्णगीला सांगते की, मागील जन्मी कोवलनने एका निरपराध व्यापाऱ्याला हेर ठरवून मारले होते. स्वभाव, राज्यव्यवस्थेची चूक आणि कर्मविपाक ही तीन कारणे काव्य एकमेकांत विरघळू देत नाही. तिन्ही आपापल्या जागी उभी राहतात आणि वाचकाला कोणत्याही एका कारणावर विसावता येत नाही.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे कोवलनचा दोष कोण उच्चारते ही. कवीने माडलन या ब्राह्मणाच्या तोंडून कोवलनच्या परोपकाराच्या कथाही सांगितल्या आहेत. एका वृद्धाला त्याने हत्तीच्या तावडीतून सोडवल्याची कथा त्यांतली एक. दोषाचा स्पष्ट उल्लेख करतो तो स्वतः कोवलन, आणि त्याच्या वियोगात झिजलेली कण्णगी. ती त्याच्या वर्तनाला प्रशस्त न म्हणता येण्याजोगे म्हणते, आणि तरीही आपण त्याच्यासोबत निघालो हे त्याच श्वासात सांगते. दोषाचा उच्चार ज्याला तो सोसावा लागला त्याच्या मुखातून आणि नाते न तोडता होतो, तेव्हा त्याचे स्वरूप निवाड्याचे राहत नाही.

चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर १९६८ सालच्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने कण्णगीचा पुतळा उभारला गेला. डिसेंबर २००१ मध्ये तो हलवण्यात आला, त्यावरून मोठा वाद झाला आणि २००६ साली तो पुन्हा स्थापित झाला. सार्वजनिक स्मृतीला न्याय मागणारी, निष्कलंक कण्णगी हवी असते. तिच्या पुतळ्यावरून राजकारण पेटू शकते. कोवलनसाठी अशी जागा नाही आणि ती असावी असेही कोणी म्हणणार नाही. सदोष नायक टिकतो तो वाचनात. त्याचे वाचन शिकवण्याची जबाबदारी वर्गावर येते ती यामुळेच.

४. सुधाकर : शीर्षक आणि संहिता

मराठीत सदोष नायकाचे सर्वपरिचित उदाहरण राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकराचे आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे शीर्षकच जणू परीक्षेतील उत्तर आहे : एकच कारण, एकच प्याला. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याचा झालेला स्वीकार या शीर्षकाला धरूनच होता.

संहिता मात्र शीर्षकापेक्षा अधिक सांगते. सुधाकर बुद्धिमान आणि मानी वकील आहे. न्यायालयातील अपमान आणि सनद तहकूब होणे हा त्याच्या मानीपणावरचा आघात आहे. तळीराम त्या जखमेवर प्याला ठेवतो. पुढे दारू सोडण्याचा निश्चय करून तो समाजात परतू पाहतो, तेव्हा त्याच्या वाट्याला अवहेलना येते. त्याला उंचीवर नेणारा मानीपणाच त्याला पुन्हा प्याल्याकडे ढकलतो. हे ब्रॅडली यांच्या चौकटीत नीट बसते. पण सिंधूचे पातिव्रत्य या चौकटीत बसत नाही. ती सोसते, माहेरची मदत नाकारते आणि अखेरीस पतीला वाचवण्यासाठी खोटेही बोलते. नाटक तिच्या या सहनशीलतेला वंदन करते, आणि त्याच वेळी ती सहनशीलता विनाशाला अडवू शकत नाही हेही दाखवते. कण्णगी दोष एकदा तरी उच्चारते. सिंधूच्या आदर्शात तो उच्चार बसत नाही. दोन संस्कृतींतील पतिव्रतेच्या आदर्शातील हा भेद नायकाच्या दोषाच्या आकलनावर थेट परिणाम करतो. दोषाला घरात शब्दच मिळाला नाही, तर तो वाढत जाण्यात स्वभावाइतकाच या मौनाचाही वाटा असतो.

५. गंगा आणि बेणारे

कोवलन आणि सुधाकर यांचे दोष त्यांच्या कृतींतून दिसतात. दोष इतरांकडून लादला जातो तेव्हा काय घडते, याचा तपास दोन नायिकांच्या संदर्भात करता येतो.

जयकांतन यांची ‘अग्निप्रवेशम्’ ही कथा १९६६ साली ‘आनंद विकटन’मध्ये प्रसिद्ध झाली. पावसात अडकलेली एक गरीब महाविद्यालयीन मुलगी अनोळखी श्रीमंत तरुणाच्या मोटारीत बसते आणि तिच्यावर अतिप्रसंग होतो. घरी येऊन ती आईला सारे सांगते. आई प्रथम हादरते, मग तिच्या डोक्यावर पाणी ओतते आणि ती शुद्ध झाल्याचे सांगते. या शेवटाने वाचकांत वादळ उठले. जयकांतन यांनी त्यानंतर लिहिलेल्या ‘सिल नेरंगळिल् सिल मनिदर्गळ्’ (काही वेळी काही माणसे) या १९७० साली ग्रंथरूपाने आलेल्या कादंबरीत, ज्या कृतीसाठी त्यांना १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोच पाऊस, तीच मोटार आणि तीच मुलगी आहे. बदल एकच : आई पाणी ओतत नाही, आक्रोश करते. शेजारीपाजारी गोळा होतात, भाऊ घराबाहेर काढतो, आणि गंगा ‘बिघडलेली मुलगी’ होते.

वाङ्मयीन प्रयोग म्हणून या दोन संहितांचे सान्निध्य असाधारण आहे. घटना स्थिर ठेवून फक्त प्रतिसाद बदलला आणि त्यातून एक वेगळी व्यक्तिरेखा जन्माला आली. गंगेचा अबोलपणा, कठोरता, त्याच पुरुषाला शोधून त्याच्याशी नाते जोडण्याचा तिचा अट्टहास आणि अखेरचे उद्ध्वस्त एकाकीपण हे सारे तिचे ‘स्वभावदोष’ म्हणून नोंदवता येईल. पण त्यांचा उगम आईच्या त्या एका क्षणात आहे, हे वाचकाला आधीच्या कथेमुळे ठाऊक असते. कादंबरीतील गंगादेखील ती कथा वाचते. आपल्या आईने काय करायला हवे होते, हे एका लेखकाने लिहून ठेवलेले तिला वाचायला मिळते. नायिकाच येथे आपल्या तथाकथित दोषाची वाचक होते.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ याच कालखंडातले. १९६७ च्या डिसेंबरात ‘रंगायन’ने त्याचा पहिला प्रयोग केला. लीला बेणारे शिक्षिका आहे, अविवाहित आहे, गर्भवती आहे. वेळ घालवण्यासाठी सुरू झालेला अभिरूप न्यायालयाचा खेळ हळूहळू तिच्या खासगी आयुष्याचा निवाडा होतो. ज्या प्राध्यापक दामल्यांच्या अपत्याची ती आई होणार आहे, ते रंगमंचावर येतच नाहीत. आरोपी हजर आणि सहभागी गैरहजर, अशी ही रचना आहे. बोलण्यासाठी दहा सेकंद मिळाल्यावर बेणारेचे दीर्घ स्वगत सुरू होते. इतर पात्रे त्या वेळी निश्चल असतात. ऐकतो तो प्रेक्षक; न्यायासनाला त्याचा स्पर्शही होत नाही. गंगेला एक कथा तरी सापडते, बेणारेला तीही नाही.

दोन्ही संहितांत मामा आहे, ही बाब तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षू नये. बेणारे किशोरवयात मामावर प्रेम करते आणि लग्नाचा हट्ट धरते. सारे घर विरोधात उभे राहते आणि मामा पळ काढतो. मामा-भाचीचा विवाह तिच्या मराठी मध्यमवर्गीय घराला महापाप वाटतो; तमिळनाडूतील अनेक समाजांत मात्र असा विवाह परंपरेने मान्य होता. गंगेचा मामा आश्रयदाता आहे आणि आपल्या आश्रयाची वासनेने किंमत मागणाराही आहे. त्याच्या वर्तनाला तेथील रूढीचा आडोसा मिळतो. एका समाजात जे प्रेम पाप ठरते, त्याच नात्याच्या आडून दुसऱ्या समाजात लोलुपता प्रतिष्ठित राहते. नात्याची सीमा कोठे आहे हे समाज ठरवतो आणि ती ओलांडल्याचा डाग मात्र दोन्हीकडे मुलीच्या नावे लागतो. ‘नायिकेचा दोष’ हा शब्दप्रयोग अशा वेळी वर्णन करत नाही, निकाल देतो.

६. वर्गासमोरचा प्रश्न

यावर एक आक्षेप संभवतो. दोष समाजाने लादलेला असतो असे म्हटले, की व्यक्तीचे उत्तरदायित्व संपते. मग नैतिक विचारच उरत नाही. आक्षेप रास्त आहे. सुधाकराच्या हातून त्याच्या मुलाचा जीव जातो आणि कोणतेही सामाजिक स्पष्टीकरण तो मृत्यू पुसू शकत नाही. कोवलनने कण्णगीची वर्षे वाया घालवली, हेही पुसता येत नाही. पण उत्तरदायित्व निश्चित करणे आणि अवगुणाचे नाव लिहिणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीसाठी कोण, केव्हा, कोणत्या माहितीच्या आधारे, कोणाच्या दबावाखाली वागला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहावे लागते. दुसरीसाठी एक विशेषण पुरते. पांड्य राजाचे मोठेपण हे की, तो दुसऱ्या कोणावर दोष ढकलत नाही. आणि काशीकरांच्या न्यायालयाचे क्षुद्रपण हे की, तेथे प्रत्येकजण फक्त दुसऱ्याच्या दोषाविषयी बोलतो.

शालेय वर्गाच्या दृष्टीने येथे खरोखरच काही पणाला लागलेले आहे. पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी साहित्याच्या तासाला जेव्हा नायकाचा दोष शोधतो, तेव्हा तो माणसांविषयी मत बनवण्याची रीत शिकत असतो. शेजारच्या घरातील गंगेविषयी, वर्गात शिकवणाऱ्या बेणारेविषयी उद्या तो याच रीतीने बोलणार असतो. बेणारेला नोकरीवरून दूर करण्याचा संस्थाचालकांचा विचार मुलांच्या भल्याच्या नावाखालीच मांडला जातो, हे या संदर्भात विसरता येत नाही.

म्हणून ‘मॅक्बेथ’ वा ‘ऑथेल्लो’ शिकवताना ‘दोष कोणता’ हा प्रश्न वगळण्याचे कारण नाही. त्याला सोबत हवी आहे. तो दोष संहितेत कोण उच्चारते? ज्याची शिक्षा मिळते, तो तोच दोष आहे का? नायकाला तो केव्हा उमगतो? भोवतालच्या एखाद्या माणसाचा प्रतिसाद वेगळा असता, तर हीच व्यक्ती कशी घडली असती? चेन्नईतील इंग्रजीच्या वर्गात हे प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. कोवलन आणि गंगा विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषेत आहेत; मराठी वर्गात सुधाकर आणि बेणारे आहेत. आगरकरांनी दीड शतकापूर्वी हाती दिलेला ‘विकार’ हा शब्दही उपलब्ध आहे. शेक्सपिअरच्या नायकांना या सोबत्यांच्या पंक्तीत बसवले, तर त्यांचे मोठेपण कमी होणार नाही. ऑथेल्लोच्या मत्सराविषयी लिहिताना विद्यार्थी कदाचित इयागोच्या आणि व्हेनिसच्या वाट्याचाही विचार करू लागेल, आणि उत्तरपत्रिकेतील ते उत्तर पूर्वीइतके नीटनेटके राहणार नाही.